रिकामा कॉम्प्युटर औषधसंशोधनाला लावायचाय? आधी मीटर मोजा

लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स हे माझं काम. सांगलीत घरच्याच पुढच्या खोलीत बसून करते. तुळशीचं लग्न लागलं की जी धांदल सुरू होते ती मे संपेपर्यंत. आषाढ लागला की मशीन आपलं बसून. ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी दमाचं आहे, म्हणून रिकाम्या दिवसांत ते ‘फोल्डिंग ॲट होम’ला, म्हणजे औषधसंशोधनाचं गणित घरोघरच्या कॉम्प्युटरांवर वाटून करणाऱ्या प्रकल्पाला, जुंपलेलं असतं. ओळखीतले लोक विचारतात, आम्हीपण लावू का? दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

‘रिकामाच तर आहे, जातंय काय?’ असं सगळे म्हणतात. वीज जाते! नुसतं चालू असलेलं मशीन आणि पूर्ण ताकदीने गणित करणारं मशीन यांच्या खर्चात तिप्पट-चौपट फरक पडू शकतो. तेव्हा हे दान विजेचं आहे असं समजूनच हात घाला.

वीज मोजायला सॉकेटमध्ये लावायचा वॉट मीटर मिळतो. तो नसेल तरी अडत नाही. घराच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. तुमच्यावरचा आकडा वेगळा असू शकतो. फ्रिजसकट घरातलं सगळं दहा मिनिटं बंद करा, फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॉट. मशीन नुसतं चालू असताना ३ आले तर ५६ वॉट. फोल्डिंग सुरू करून पुन्हा मोजलं आणि ११ आले तर २०६ वॉट. फरक १५० वॉटचा. रोज आठ तास चालवलं तर १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिटं.

आता बिल काढा आणि आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते बघा. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटांपर्यंत, मग ३००, मग ५०० असे आहेत आणि टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो. महिन्याला ८५ युनिटं जाळणाऱ्या घरात ही ३६ मिळवली की २१ युनिटं वरच्या दरात जातात. ती रक्कम दर महिन्याला आनंदाने देता येईल का, ते घरात बोलून ठरवा. आमच्या सासूबाईंनी बिल बघून ‘पावसाळ्यातच लाव, उन्हाळ्यात नको’ असा निकाल दिला आणि तो बरोबर होता, कारण उन्हाळ्यात हीच वीज उष्णता होऊन खोलीत साचते आणि ती घालवायला पंखा किंवा एसी पुन्हा वीज खातो. छतावर सोलर असेल आणि दुपारी वीज शिल्लक पडत असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही दुपारीच चालवा.

आकडे काढल्यावर नको वाटलं तर खुशाल सोडून द्या. दहा-बारा वर्षांपूर्वीचं मशीन असेल तर मी स्वतःहूनच नको म्हणेन. तेवढीच वीज खाऊन ते नव्या कार्डाच्या मानाने अगदी किरकोळ काम करतं. त्यापेक्षा ते पैसे एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलच्या रुग्णनिधीला दिलेले बरे.

हे गणित असतं कशाचं? प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पेशीत ती वळून, गुंडाळून ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. घडी बिघडली की त्याचा अल्झायमर, पार्किन्सनसारख्या आजारांशी संबंध येतो. ही घडी कशी पडते आणि पडल्यावरही प्रोटीन कसं हलतं, ते कॉम्प्युटरवर अणू-अणूने चालवून बघायचं. अडचण अशी की गणिताचं एक पाऊल काही फेम्टोसेकंदांचंच घेता येतं आणि एका सेकंदात एकावर पंधरा शून्यं इतके फेम्टोसेकंद बसतात. एकट्या मशीनला जन्म पुरणार नाही. म्हणून लाखो तुकडे करून घराघरांत वाटायचे, परत आलेले तुकडे संख्याशास्त्राने जोडायचे. तुमच्याकडे येतो त्या तुकड्याला वर्क युनिट म्हणतात.

विजय पांडे यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १ ऑक्टोबर २००० ला हे सुरू केलं. आता ग्रेग बोमन यांच्याकडे त्याची धुरा आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये घरात अडकलेल्या जगाने आपली मशीनं यावर लावली आणि सगळ्यांची मिळून ताकद एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या, पुढे गेली. तोवर जगातला कुठलाच महासंगणक तिथे पोचला नव्हता. त्यातून करोना विषाणूच्या प्रोटीनांच्या हालचालीचा एकूण ०.१ सेकंदाचा हिशेब निघाला. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण स्पाइक प्रोटीन किती मोठा आ वासतं आणि प्रोटीनांत औषध बसू शकेल अशा कोणत्या लपलेल्या खोबणी उघडतात, हे त्यात दिसलं. २०२१ मध्ये ते ‘नेचर केमिस्ट्री’त छापून आलं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘मावशी, आल्फाफोल्डने हे सगळं सोडवलं, २०२४ चं नोबेलही मिळालं, तू अजून कशाला बिल भरतेस?’ आल्फाफोल्ड हे एआय सॉफ्टवेअर प्रामुख्याने प्रोटीनचा स्थिर आकार सांगतं, म्हणजे फोटो. प्रोटीन हलताना काय करतं हे बघायला अजून असलं गणित लागतंच. एवढं सांगूनही त्याचं समाधान झालेलं नाही, ते सोडा.

आता बसवायचं कसं. फक्त मूळ संकेतस्थळावरून उतरवा: फोल्डिंगॲटहोम डॉट ऑर्ग, सगळं जोडून, आणि पत्त्यात मधल्या ‘ॲट’साठी चिन्ह न वापरता ए आणि टी ही अक्षरं. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल, ‘जास्त वेगवान आवृत्ती’ वगैरे काही घेऊ नका. कॉम्प्युटरची ताकद चोरून क्रिप्टो नाणी खोदणारी सॉफ्टवेअरं असल्याच वेषात येतात. ‘संशोधन करा आणि कॉइन मिळवा’ असल्या योजनाही आहेत. मी त्यांच्या वाटेला जात नाही. पैसे कमवायला निघालात तर विजेच्या हिशेबात मार खाल.

बसवल्यावर कामकाज ब्राउझरमधल्या एका पानावरून चालतं. नाव काहीही टाका, खरं नाव लागत नाही. पासकी, म्हणजे तुमची ओळख पटवणारा कोड, मागवून घ्या: ती टाकली आणि पहिली दहा वर्क युनिटं नीट परत केली, की वेळेत दिलेल्या पुढच्या युनिटांना जादा गुण मिळतात. गुणांनी काही विकत येत नाही, पण घरातल्या पोरांना आकडा चढताना बघायला आवडतं. खातं उघडलं तर घरातली सगळी मशीनं एकाच पानावरून हाकता येतात. कोणत्या आजारासाठी काम करायचं तेही निवडता येतं, त्यात अल्झायमर, कॅन्सर वगैरे आहेत. मी ‘कोणताही’ ठेवते. ज्याचं काम पडून असेल ते येऊ दे.

खरी मेख सेटिंगमध्ये आहे. प्रोसेसरचे किती कोर द्यायचे तो आकडा बघा आणि सगळे कधीही देऊ नका. आठ असतील तर चार द्या. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर मी म्हणेन प्रोसेसर शून्यावर आणा आणि कार्डच लावा, कारण तेवढ्याच विजेत कार्ड कितीतरी जास्त काम उरकतं. ‘मशीन रिकामं असतानाच’ हा पर्याय चालू करा, नाहीतर कोरल ड्रॉमध्ये गणपतीचं चित्र सरकवताना माउस अडखळायला लागतो आणि चिडचिड होते. ‘बॅटरीवर’ हा पर्याय बंदच ठेवा. विंडोजचं झोपी जाण्याचं सेटिंगही बघून घ्या. मशीन दहा मिनिटांत झोपलं तर रात्रभर काहीच होणार नाही आणि सकाळी तुम्ही सॉफ्टवेअरला नावं ठेवाल.

मग ‘फोल्ड’ दाबा. पहिला तास मशीनपाशीच थांबा. प्रोसेसरचं तापमान दाखवणारं कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांपैकी काहीतरी उघडून ठेवा. माझा नियम ८० अंश सेल्सिअसचा. त्याच्यावर जाऊन टिकलं तर आणखी कोर कमी करते. त्याआधी एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. पंख्याची पाती हाताने धरून मारा, नाहीतर ती भन्नाट फिरतात आणि बेअरिंग जातं. आमच्या पंख्याच्या मागच्या जाळीतून निघालेला धुळीचा थर इतका दाट होता की तो कापडासारखा एका तुकड्यात सुटला. तेवढं काढल्यावरच तापमान आठ-नऊ अंशांनी उतरलं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही बदलून घ्या, कुठलाही दुरुस्तीवाला करून देतो.

लॅपटॉपवर हे करू नका, निदान रोज तरी नको. त्याचा पंखा तासन्‌तासाच्या कामासाठी नसतो आणि उष्णतेने बॅटरी फुगते.

लाइट गेली तर? शेवटच्या चेकपॉइंटपर्यंतचं, म्हणजे मधे मधे जपून ठेवलेल्या टप्प्यापर्यंतचं, काम डिस्कवर असतं, मशीन चालू झालं की तिथून पुढे सुरू होतं. म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण मशीन इन्व्हर्टरवर असेल तर फोल्डिंग लगेच थांबवा. इन्व्हर्टर ट्यूब आणि पंख्यासाठी आहे. इंटरनेट फारसं लागत नाही, युनिट आणायला आणि परत द्यायला तेवढंच. तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर आधी डेटाचा अंदाज घ्या, कारण कार्डाची उत्तरं जड असतात.

प्रत्येक युनिटला मुदत असते. दिवसाला दोन-तीन तासच मशीन लावणाऱ्याला ती कधी कधी गाठता येत नाही. मग ते काम दुसऱ्याला दिलं जातं आणि तुमची वीज वाया. अशांनी ‘बॉइंक’ बघावं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं हे सॉफ्टवेअर, पत्ता बॉइंक डॉट बर्कली डॉट ईडीयू. परग्रहावरचे संदेश शोधणारं सेटी ॲट होम यावरच चालायचं, मार्च २०२० मध्ये त्याने नवं काम वाटणं थांबवलं. बॉइंक हे नुसतं गाडं आहे, माल कुणाचा भरायचा ते तुम्ही ठरवता. वैद्यकीय कामासाठी दोन नावं: वॉशिंग्टन विद्यापीठातलं रोझेटा ॲट होम, म्हणजे २०२४ च्या नोबेलमधल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचं, आणि वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, जे आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलं आणि आता टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे आहे.

ग्रिडबद्दल मला आपुलकी आहे ती एका जुन्या प्रकल्पामुळे. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरवर जपानमधल्या संशोधकांनी तीस लाख संयुगं या वाटलेल्या ताकदीवर चाळली आणि २०१४ मध्ये त्यातून सात आशादायक निघाली. सात म्हणजे सात औषधं नव्हेत, प्रयोगशाळेत पुढे नेण्याजोगे सात उमेदवार. पण तीस लाख संयुगं हाताने कोण तपासणार? क्षयाच्या जंतूचं मेणचट कवच अभ्यासणारा प्रकल्पही नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१६ मध्ये याच ग्रिडवर सुरू केला होता. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, तेव्हा ते काम तर आपल्या घरचंच.

बॉइंकमध्ये काम नेहमी असतंच असं नाही, म्हणून दोन्ही प्रकल्प जोडून ठेवा. एकाकडे नसेल तेव्हा दुसऱ्याचं येतं. पसंतीच्या पानावर कोरची टक्केवारी ५० करा, ‘कॉम्प्युटर वापरात असताना थांब’ला खूण करा आणि रोजच्या वेळापत्रकात रात्री अकरा ते सकाळी सहा असं काही टाका. साठवून ठेवायचं काम अर्ध्या दिवसापेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर मुदती टळतात. अँड्रॉइड फोनवरही बॉइंक चालतं आणि मुळातच ते चार्जिंग व वायफाय असतानाच काम करतं. कपाटात पडलेला जुना फोन असेल तर करून बघा, पण तो उशीजवळ किंवा गादीवर ठेवू नका.

ऑफिस, शाळा, सायबर कॅफे इथल्या मशीनवर लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नका. अमेरिकेत एका कॉलेजच्या संगणक कर्मचाऱ्याने अशाच प्रकारचं सॉफ्टवेअर कॉलेजच्या मशीनवर टाकलं म्हणून त्याच्यावर फौजदारी खटला झाला होता. वीज आणि मशीन आपलं नसेल तर दानही आपलं नव्हे.

बंद करताना थेट काढून टाकू नका. फोल्डिंगमध्ये ‘फिनिश’ दाबा, हातातलं युनिट पूर्ण करून, परत पाठवून ते आपोआप थांबतं. बॉइंकमध्ये ‘नवं काम नको’ निवडा आणि यादी रिकामी होऊ द्या. पासकी मात्र वहीत लिहून ठेवा, पुढच्या आषाढात लागेल.