राष्ट्रीय उद्यान नुसतं बघून येऊ नका: या चुका टाळा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे नकाशावरचं अंतर तेवढं पाहून दिवस आखणं. दक्षिण कड्यावरून कोलोरॅडो नदी सुमारे १,४०० मीटर खाली आहे आणि इथे डोंगराचा हिशेब उलटा: उतरण आधी, चढण शेवटी, तीही दमल्या पायांनी. चढायला दुप्पट वेळ धरा. सहा तास हाताशी असतील तर दोन तास होताच माघारी फिरा, नदी कितीही जवळ दिसो.

फलकावर ‘विष्णू शिस्ट, १७० कोटी वर्षं’ वाचलं (शिस्ट म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक; आणि हो, नाव खरंच विष्णूचं) की दरीच तेवढी जुनी, असा समज होतो. खडक जुना, दरी तरुण. नदीने ती मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. कड्यावरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, आणि खाली जाल तसा खडक जुना. मात्र थर सलग समजू नका. टॅपीट्स वालुकाश्म जिथे थेट शिस्टवर टेकतो, त्या सांध्यात १०० कोटींहून जास्त वर्षं गायब आहेत. तेवढे थर झिजून गेले किंवा साचलेच नाहीत. पाहायचंच तर तो सांधा पाहा.

अमेरिकेतल्याच यलोस्टोन उद्यानात गरम झऱ्यांचे रंग खनिजांचे समजले जातात. बहुतांशी ते सूक्ष्मजीवांचे आहेत. मधला निळा भाग फार तापलेला, कडेचा पिवळा-नारिंगी त्यामानाने थंड. मॉर्निंग ग्लोरी कुंडात पर्यटकांनी नाणी आणि कचरा टाकला, पाण्याची वाट बुजली, तापमान उतरलं आणि पिवळा रंग आत सरकला. फळ्यांची वाट तर सोडूच नका. कडेचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी.

१८७२ साली यलोस्टोन उद्यान झालं म्हणून इतिहास तिथून सुरू होत नाही. तिथल्या ऑब्सिडियन क्लिफ या कड्याची काळी ज्वालामुखी काच दूरच्या ओहायो राज्यात, माणसांनी रचलेल्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या टेकाडांत सापडली आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाच्या दरीतली मोकळी कुरणंही नुसती निसर्गाची देणगी नव्हती. तिथले मूळ रहिवासी नेमाने गवत जाळत. ते थांबलं आणि सूचिपर्णी झाडं कुरणात घुसली.

घडवलेला दगड किंवा बाणाचं टोक दिसलं तर उचलू नका. जागेवरून हललं की ते कोणत्या थरातलं, कशाशेजारचं, हे कळायचा मार्ग बंद होतो. तिथेच फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि रेंजरला कळवा.