अंतर्गत समिती: नाशिकच्या लहान कारखानदारांनी ती कशी नेमावी आणि तक्रार आल्यावर काय करावे

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस-तीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्या मालकाला पीएफचे चलन पंधरा तारखेच्या आत भरायचे असते, हे पाठ असते. अंतर्गत समितीचा, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचा, आदेश पाहू म्हटले की मात्र कपाट उघडावे लागते, आणि पुष्कळदा हाती येते ती सल्लागाराने कधीतरी दिलेली छापील प्रत, जिच्यावर अध्यक्षा म्हणून नोकरी सोडून गेलेल्या बाईंचे नाव असते. अशा समित्यांवर बाहेरून नेमलेला, म्हणजे बाह्य सदस्य म्हणून काम करताना मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की समिती नेमण्याची आणि चालवण्याची रीत एकदा सविस्तर लिहावी असे वाटले. तक्रार आल्यानंतर घाईने नेमलेल्या समितीवर तक्रार करणाऱ्या बाईचाही विश्वास बसत नाही आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाही बसत नाही. म्हणून हे काम सारे शांत असतानाच करायचे असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यांच्या आधारावर २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला; अंतर्गत समिती नेमायची ती याच कायद्याखाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि अनेक जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. हा कायदा मात्र त्यांत गेलेला नाही, तो स्वतंत्रपणे लागू आहे.

पहिला प्रश्न मोजणीचा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर समिती बंधनकारक आहे आणि ही मोजणी केवळ कायम कामगारांची नसते. कंत्राटदाराची माणसे, रोजंदारीवरचे, प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार हे सगळे कर्मचारीच आहेत. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हंगामापुरत्या येणाऱ्या बायका कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात म्हणून त्यांना वगळणे ही मोठी चूक आहे, कारण सर्वांत कमी आधार त्यांनाच असतो. दहांपेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर कारखाना कितीही मोठा असला तरी ती स्थानिक समितीकडेच जाते, आणि हे सूचनाफलकावर स्पष्ट लिहिलेले असावे.

समिती लेखी आदेशाने नेमावी लागते. कारखाना सातपूरला आणि दुसरे युनिट सिन्नरला असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र समिती हवी. अध्यक्षा ही वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी असते. तशी कोणी त्या ठिकाणी नसेल तर आपल्याच दुसऱ्या युनिटमधून किंवा कार्यालयातून नेमता येते. तिच्याशिवाय कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य आणि एक बाह्य सदस्य असतो, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला असाव्याच लागतात. कायद्याच्या हिशेबाने चार जण पुरतात, परंतु मी पाच नेमावेत असे सांगते. सुनावणीला अध्यक्षेसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात आणि चौघांपैकी एक जण आजारी पडला, दुसऱ्याची पाळी रात्रीची असली, की तारखा पुढे ढकलाव्या लागतात. सदस्य निवडताना मालकाच्या मर्जीतली माणसे टाळावीत. ज्याच्याशी कामगार बायका मोकळेपणाने बोलतात, असा माणूस शॉपफ्लोअरवर बहुधा असतोच. सुपरवायझरपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

बाह्य सदस्य महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला हवा. आपल्याच लेबर कन्सल्टंटला त्या जागी बसवण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही, कारण त्याचे बिल मालकाकडून दरमहा निघत असते. सर्वांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. ती संपण्याची तारीख आदेशावरच लिहून ठेवावी आणि कोणी नोकरी सोडली तर त्याच आठवड्यात सुधारित आदेश काढावा.

हा आदेश आणि लैंगिक छळाचे परिणाम सांगणारी सूचना दर्शनी भागात लावणे मालकाचे कर्तव्य आहे. रिसेप्शनच्या काचेआड ती लावून उपयोग नाही. कॅन्टीनजवळ आणि महिलांच्या चेंजिंग रूमबाहेर, मराठीत आणि परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही, सदस्यांच्या फोन नंबरांसह लावावी. धोरण दोन पानांचे पुरे. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि अशाच स्वरूपाचे अन्य नकोसे वर्तन, मग ते शब्दांतून असो वा खाणाखुणांतून, हे सारे छळात मोडते. कंपनीने पुरवलेली बस आणि कामानिमित्त जावे लागते ती जागा हेही कामाचे ठिकाणच आहे. हे शब्द धोरणात असू द्यावेत, कारण बसमधल्या घटनेबद्दल ‘ते गेटच्या बाहेर घडले’ हे उत्तर मी ऐकलेले आहे. लैंगिक छळ हे गैरवर्तन मानले जाईल, असे कलम सेवाशर्तींत घालावे. श्रमसंहितांनुसार प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचेच आहे, तेव्हा ते कलम त्याच पत्रात येऊ द्यावे.

आता तक्रारीकडे वळू. ती लेखी असावी लागते आणि घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत द्यावी लागते; योग्य कारण नोंदवून समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिता न येणाऱ्या बाईला तक्रार लिहून देण्यास मदत करणे हे अध्यक्षेचे किंवा सदस्याचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात तक्रार आधी तोंडी येते, बहुधा एखाद्या मैत्रिणीमार्फत, आणि सारे बिघडते ते इथेच. मालक दोघांना केबिनमध्ये बोलावतो, समोरासमोर बसवतो आणि ‘मिटवून टाका’ म्हणतो. असे मुळीच करू नये. सामोपचाराची सोय कायद्यात आहे, परंतु ती चौकशी सुरू होण्यापूर्वी आणि त्या बाईने स्वतः मागितली तरच. आणि तिच्यात पैशांची तडजोड चालत नाही. मालकाने ऐकून घ्यावे, समितीचे नाव सांगावे, तक्रार लिहून देण्यास माणूस द्यावा आणि तिथे थांबावे. तिला पोलिसांत जायचे असेल तर मदत करणे हेही त्याचे काम आहे.

चौकशी चालू असताना त्या बाईने लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा समोरच्याची बदली सुचवू शकते, किंवा तिला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. या तरतुदीचा अर्थ बहुतेक ठिकाणी उलटा लावला जातो. लाइनवरून पहिल्यांदा हलवले जाते ते तिला, तिला न विचारता, आणि शिफ्ट बदलल्यामुळे तिचा ओव्हरटाइमही जातो. मग तक्रार केली म्हणून शिक्षा झाली, असेच साऱ्या शॉपफ्लोअरला दिसते आणि पुढची बाई तोंड उघडत नाही. म्हणून बदली करताना आधी समोरच्याला हलवता येते का ते पाहावे आणि तिचा एक रुपयाही कमी होणार नाही याची लेखी नोंद ठेवावी.

तारखा वहीत मांडून ठेवल्याशिवाय हे काम नीट होत नाही. तक्रारीची प्रत सात कामकाजी दिवसांत समोरच्याला द्यायची, त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाला आणि दोन्ही बाजूंना द्यायचा, आणि मालकाने साठ दिवसांत शिफारशींवर कारवाई करायची. असमाधानी पक्षाला नव्वद दिवसांत अपील करता येते. समितीपुढे कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही. दोघांनाही आपली बाजू मांडण्याची आणि साक्षीदार देण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. प्रत्येक बैठकीची नोंद त्याच दिवशी लिहून सह्या घ्याव्यात, नाहीतर चांगली चौकशीही अपिलात टिकत नाही.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असे होत नाही. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. द्वेषबुद्धीने तक्रार केल्याचे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावे लागते. हे वाक्य धोरणात असावेच. छोट्या कारखान्यात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि बातमी चहाच्या टपरीपर्यंत दुपारीच पोहोचते, म्हणून समितीची फाइल अध्यक्षेच्या कुलूपबंद कपाटात राहावी. नावे किंवा कामकाज उघड करणाऱ्याला पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तोच गुन्हा घडला तर दुप्पट दंड व परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

समिती दरवर्षी आपला अहवाल मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला देते. एकही तक्रार आली नसली तरी तसे लिहिलेला अहवाल पाठवावा, त्याची पोच फाइलला लावावी, आणि त्यासाठी जानेवारीत बैठक घ्याल तेव्हाच सूचनाफलकावरचे फोन नंबर एकेक लावून पाहावेत.