खासगी पॅकेज आणि डॉकर इमेज : या चुका टाळा

हिंजवडी असो वा खराडी, पुण्यातल्या सॉफ्टवेअर टीमना हा अनुभव नवा नाही: लॅपटॉपवर व्यवस्थित चालणाऱ्या ॲपची डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेला गठ्ठा) बनवायला घेतली की कंपनीच्या खासगी रिपॉझिटरीतले पॅकेज डाउनलोड होत नाही, कारण लॅपटॉपवरची एसएसएच की (सर्व्हरला आपली ओळख पटवणारी फाइल) बिल्डला, म्हणजे इमेज बनवण्याच्या प्रक्रियेला, दिसतच नाही. रिलीज तोंडावर असते आणि रिपॉझिटरीत प्रवेश देणारा गुप्त कोड, म्हणजे टोकन, थेट बिल्ड आर्ग्युमेंट (बिल्डला बाहेरून दिलेले मूल्य) म्हणून दिले जाते. इमेज तयार होते खरी, पण ज्याच्या हाती ती पडेल त्याला ‘डॉकर हिस्टरी’ या एका कमांडने ते टोकन वाचता येते.

याहून फसवी चूक म्हणजे टोकन असलेली एनपीएमआरसी फाइल (एनपीएम या पॅकेज टूलची सेटिंग फाइल) कॉपी करून, इन्स्टॉल झाल्यावर पुढच्या ओळीत ती डिलीट करणे. डॉकरफाइलमधली, म्हणजे इमेज बनवण्याच्या सूचनांच्या फाइलमधली, कॉपीची ओळ इमेजमध्ये स्वतःचा वेगळा लेयर (थर) बनवते. नंतरचा लेयर ती फाइल फक्त झाकतो, त्यामुळे इमेज उलगडली की ती जशीच्या तशी सापडते. अशी इमेज रजिस्ट्रीत (इमेज साठवून इतरांना देणाऱ्या सर्व्हरवर) गेली असेल, तर ती काढून टाकण्याआधी टोकन रद्द करावे, कारण तिच्या प्रती कुठे कुठे पोहोचल्या हे सांगता येत नाही.

यावरचा योग्य मार्ग बिल्डकिट या डॉकरच्या इमेज बनवणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि डॉकर इंजिन 23.0 पासून लिनक्सवर बिल्डकिट डिफॉल्टच आहे. डॉकरफाइलमधल्या रन (कमांड चालवणाऱ्या) सूचनेला सीक्रेट माउंट (गुप्त माहिती तात्पुरती पुरवण्याची सोय) जोडले की टोकन तेवढ्या एका सूचनेपुरते फाइल म्हणून दिसते आणि कोणत्याही लेयरमध्ये उतरत नाही. गिटवरून थेट कोड घ्यायचा असेल, तर एसएसएच की बिल्डला तशीच तात्पुरती वापरू देणारे एसएसएच माउंट वापरावे.

तरीही बिल्ड अडल्यास आधी एरर नीट वाचावा. ‘परमिशन डिनाइड’ सीक्रेटच्या फाइलवर आला, तर बहुधा डॉकरफाइलमध्ये युजर आधीच बदललेला असतो. सीक्रेटची फाइल डिफॉल्टने फक्त रूटला (सर्वाधिकार असलेल्या युजरला) वाचता येते, म्हणून माउंटमध्ये त्या बदललेल्या युजरचा यूआयडी (युजर क्रमांक) द्यावा. ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ आल्यास तपासणी बंद करू नये, तर सर्व्हरची ओळख पटवणारी की (होस्ट की) त्याने प्रसिद्ध केलेल्या फिंगरप्रिंटशी (कीच्या छोट्या ओळखखुणेशी) ताडून नोन होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीच्या फाइलमध्ये घालावी. गिटहबने मार्च 2023 मध्ये आपली आरएसए होस्ट की बदलली, तेव्हा जुनी की इमेजमध्ये कायम करून ठेवलेली बिल्ड्स याच एररवर थांबली. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या इमेजमध्ये गिट आणि एसएसएच क्लायंट मुळात नसतात. ते आधी इन्स्टॉल करावेत.

सीक्रेटचे मूल्य बदलले तरी बिल्ड कॅशे (आधीच्या बिल्डमधून साठवलेले निकाल) अवैध होत नाही, त्यामुळे नवे टोकन खरोखर चालते का हे पाहायचे असेल, तर बिल्ड एकदा ‘नो कॅशे’ पर्यायाने चालवावे.