सरकणारा सा : पेटीवरून स्वरशास्त्र शिकताना

श्रावणात देवळात सप्ताह बसतो, गणपतीत घरोघर भजनं फिरतात. तिथे बसून वर्षानुवर्षं झांज वाजवणाऱ्याच्या हाताला ताल ठाऊक असतो, कानाला स्वर ठाऊक असतात. नावं आणि हिशेब तेवढे राहिलेले असतात. ते शिकायला घरातली पेटी, मोबाईलवरचा तंबोरा आणि रोजचा अर्धा तास पुरे. शेतातली लावणी आटोपली की बसायला लागा.

सुरुवातीलाच एक चूक हमखास होते: पांढऱ्या पट्ट्यांवर सा, रे, ग, म लिहिलेले कागद चिकटवायचे. चार दिवस बरं चालतं. मग बुवा काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, भजन उचलतात आणि पेटीवाला अडकतो, कारण त्याचा सा पहिल्या पांढरीला खिळलेला असतो. पट्टीचं नाव कायम असतं, सा मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. हे एकदा बोटांत उतरलं की पुढचं शास्त्र सोपं जातं, म्हणून आधी इथेच वेळ घालवा.

एका सप्तकात १२ पट्ट्या, ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा घोळक्याने येतात. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे पांढरी १. तिथून पांढऱ्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या अशा उजवीकडे मोजत जायचं. (पट्टी हा शब्द दोन अर्थांनी येतो: बोटाखालची पट्टी आणि गाण्याची उंची. ‘काळी दोन पट्टीत गा’ म्हणजे काळी २ ला सा धरा.)

आता स्वतःचा सा शोधा. पुरुषांनी काळी १, बायकांनी काळी ४ धरून बघावं. तिथून खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) गा. खाली आवाज घोगरा होऊन विरत असेल तर एक पट्टी वर सरका, वर ताणावं लागत असेल तर एक पट्टी खाली. दुसऱ्याच्या पट्टीत गाण्याच्या हट्टाने गळे बसतात.

सा ठरला की बाकीचे स्वर अंतराने सापडतात. काळी-पांढरी असा भेद न करता उजवीकडे एकेक पट्टी मोजा: रे दुसरी, ग चौथी, म पाचवी, प सातवी, ध नववी, नी अकरावी, तार सा बारावी. हे झाले शुद्ध स्वर. रे, ग, ध, नी एक पट्टी खाली आले की कोमल. म एक पट्टी वर गेला की तीव्र. सा आणि प अचल. काळी १ ला सा धरून करून बघा: काळी १, काळी २, पांढरी ४, काळी ३, काळी ४, काळी ५, वरच्या सप्तकातली पांढरी १, आणि मग काळी १. रोज सा बदला. बारा दिवसांत बाराही पट्ट्या होतात.

पुढचा पाठ आमच्या मते सगळ्यात मोलाचा. फक्त पाच काळ्या पट्ट्या वाजवा, पांढरीला बोट लावू नका. काळी १ ला सा मानून वर गेलात तर दुर्गा रागाचे स्वर मिळतात: सा रे म प ध. त्याच पट्ट्या काळी ३ ला सा मानून वाजवल्या की भूप: सा रे ग प ध. काळी ५ ला सा मानलात तर मालकंस: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. काळी २ वरून धानी, काळी ४ वरून मधमाद सारंग. पट्ट्या त्याच, सा बदलला की भाव बदलतो. याला मूर्च्छना म्हणतात. दर वेळी तंबोऱ्याचा सा बदलायला विसरू नका, नाहीतर कान जुन्याच सा ला धरून बसतो आणि मालकंस ऐकूच येत नाही. मालकंसात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार प ऐवजी म वर लावायची.

पांढऱ्या पट्ट्यांवरही हाच खेळ करा. पांढरी १ वरून बिलावल थाट (थाट म्हणजे राग ज्यात बसवतात तो सात स्वरांचा साचा), २ वरून काफी, ३ वरून भैरवी, ४ वरून कल्याण, ५ वरून खमाज, ६ वरून आसावरी. पांढरी ७ वरून पंचमच सापडत नाही, म्हणून तिथे थाट नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा असे बोटांखाली आले. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी नंतर घ्या.

स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असं मात्र नाही. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच. भूपात वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याच्या खालोखालचा) ध, देसकारात उलट. भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. देसकार सकाळचा, धैवताभोवती फिरणारा, त्यात रिषभ ओझरता. नुसते आरोह-अवरोह (चढते-उतरते स्वर) पाठ करणाऱ्याला हा फरक कधी कळत नाही. दोन्ही रागांत कुठल्या स्वरावर थांबलं जातं, तेवढंच ऐकत बसा.

पेटीच्या गंधाराबद्दलही सावध राहा. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर पेटीचा शुद्ध ग ४०० वर असतो आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा ३८६ च्या आसपास. म्हणून गंधार लावताना पेटी बंद ठेवा, तंबोऱ्यात विरघळेल तिथे तो धरा.

तालासाठी हात वापरा. तीनताल १६ मात्रांचा, चार-चारचे चार विभाग: १ वर सम, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायची जागा. मिनिटाला ६० ठोके लावा आणि बोल तोंडाने म्हणा. नवशिका या ‘खाली’च्या जागी घाई करतो, कारण टाळी नसली की ती मात्रा रिकामी वाटते. हात उलटा करून ‘खाली’ पूर्ण वेळ दाखवली की लय पळत नाही. दुगुण (दुप्पट लय) ९ व्या मात्रेपासून सुरू केली की एक आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) बरोबर समेवर येतं. झपतालात १० मात्रा, म्हणून तिथे ६ व्या पासून. दादरा ६ मात्रांचा, केरवा ८ चा. सप्ताहात बसल्या बसल्या एवढं ओळखत राहा: तीन-तीनचा झोका आहे की चार-चारचा?

लिहून ठेवताना भातखंडे पद्धत घ्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर.

पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका. दमट हवेने लाकूड फुगतं, पट्टी दाबलेली राहते, पितळी सुरांवर (आतल्या पात्यांवर) कीट चढतं. महिन्यातून एकदा तोच स्वर दोन सप्तकांत एकत्र दाबून बघा. आवाज सलग आला तर ठीक. लाटांसारखा थरथरला तर सूर उतरला आहे. अशा पेटीवर कान घडवू नका, आधी ती सुरात लावून घ्या.