ताण दिलेलं पान मोजताना या चुका टाळा

सोयाबीनच्या कुंड्यांचं पाणी तोडलं, पानं मलूल झाली, पानाची तबकडी कापून ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या (पानातून सुटणारा ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राच्या) चेंबरमध्ये ठेवली. तरी आकडा रोज पाणी दिलेल्या झाडाइतकाच! उपकरणावर खापर फोडण्याआधी चेंबरमधला कार्बन डायऑक्साइड बघा. बायकार्बोनेटच्या द्रावणाने तो तिथे साधारण ५ टक्के ठेवतात, बाहेरच्या हवेत असतो जेमतेम ०.०४ टक्के. एवढ्या रेट्यापुढे अर्धमिटली पर्णरंध्रं आडवी येत नाहीत. आणि पाणी तुटलं की पान आधी मिटतं ती रंध्रंच. म्हणजे तुम्ही मोजलीत ती हरितलवकांची कुवत, शेतात उभ्या पानाचं काम नव्हे. तेच पान आयआरजीएला (साध्या हवेतून पान किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजणाऱ्या यंत्राला) लावा, घसरण दिसेल. दोन्ही आकडे खरे आहेत. कुवत शाबूत आणि काम घटलेलं, तर दोष मुख्यतः रंध्रांचा. दोन्ही घटले, तर आतल्या यंत्रणेलाही झळ पोचली आहे. एकाच यंत्रावर निष्कर्ष काढणारे प्रबंध वाचले की म्हणूनच चुकचुकायला होतं.

इलेक्ट्रोडच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचं माप जुळवायला, सिरिंजने १ मिली हवा आत सोडतात. २५ अंशांना, समुद्रसपाटीच्या दाबाला तिच्यात सुमारे ८.६ मायक्रोमोल ऑक्सिजन असतो. पुणं सुमारे ५६० मीटर उंचावर; तिथे हाच आकडा ८च्या आसपास येतो. मुंबईचा आकडा पुण्यात वापरलात तर सगळे दर सहा-सात टक्के फुगतात.

दिवा लावताच ऑक्सिजनच्या सिग्नलची रेघ झपकन वर गेली तर लगेच खूश होऊ नका. उष्णतेनेही सिग्नल वाढतो. पानाऐवजी ओला कागद ठेवून तोच दिवा लावा. रेघ तरीही चढली, तर वॉटर जॅकेटचं, म्हणजे चेंबरचं तापमान स्थिर ठेवणाऱ्या कवचाचं, पाणी नीट फिरत नाही.

अंधारातलं श्वसन प्रत्येक तबकडीचं वेगळं मोजा. उष्णतेच्या ताणात ते वाढतं, आणि निव्वळ ऑक्सिजन घटला की प्रकाशसंश्लेषणच बसलं असं वाटतं.

मलूल पान आक्रसतं, त्यामुळे १० चौरस सेंटीमीटरच्या तबकडीत जास्त ऊती मावते. सुकं वजनही नोंदवा. सकाळी साधी झाडं आणि दुपारी ताणाची, असा क्रम ठेवू नका. दुपारी धडधाकट पानही मंदावतं, म्हणून कुंड्या आलटून-पालटून घ्या. आणि रेघ थरथरत असेल तर आधी इलेक्ट्रोडवरच्या पातळ पडद्याखालचा बुडबुडा शोधा.