पायरेप कसा द्यायचा, आणि लाजायचं का नाही

पावसाळ्यात रात्री आंबा घाटातून आला असाल तर माहीतच असेल, समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारतो, कधी खिडकीतून हात काढून हळू हळू अशी खूण करतो, म्हणजे पुढे दरड आलीय किंवा धुकं दाटलंय किंवा नुसताच पोलीस उभाय. तो आपल्याला ओळखत नसतो, आपण त्याला परत भेटणार नसतो, तरी तो सांगतो. पायरेप म्हणजे हेच, उडताना दिसलेलं हवामान मागून येणाऱ्यांना सांगणं, फक्त डिपरऐवजी रेडिओ. पायलट रिपोर्टचं आखूड रूप, उच्चार पायरेप.

हे मी मुख्यतः अमेरिकेत सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, करायला निघालेल्या आपल्या पोरापोरींसाठी लिहितेय, कारण मी फ्लोरिडात शिकले आणि पहिले साठ-सत्तर तास एकही पायरेप दिला नाही. दुसऱ्यांचे मात्र रोज सकाळी वाचायचे! कारण एकच, लाज. उच्चार चुकला तर, कोड आठवला नाही तर, फ्रिक्वेन्सीवर अख्खा गाव ऐकतोय. नंतर कळलं की कोड आपण बोलायचाच नसतो, साध्या इंग्रजीत सांगायचं, कोडमध्ये बसवायचं काम ऐकणाऱ्याचं.

आधी हे लागतंच कशाला ते सांगते. मेटार आहे, फोरकास्ट आहे, रडार आहे, मग आपल्या छोट्या सेस्ना विमानाची गरज काय? तर मेटार म्हणजे एअरपोर्टवरच्या हवामानाचा रिपोर्ट, तिथलं ऑटोमॅटिक यंत्र सरळ डोक्यावर बघतं, आणि ढग मोजतं ते १२,००० फुटांपर्यंतच. ढगाचा तळ त्याला दिसतो, माथा दिसत नाही. हवेतले धक्के कळत नाहीत, पंखावर बर्फ धरतोय का कळत नाही, आणि दोन एअरपोर्टच्या मधल्या पन्नास मैलांत काय चाललंय ते तर अजिबातच नाही. ते फक्त तिथे असलेल्या माणसाला माहीत असतं, म्हणजे तुम्हाला. फोरकास्ट करणारेसुद्धा आपला अंदाज बरोबर निघाला का हे पायरेपवरूनच तपासतात, त्यावरून इशारे काढतात, वाढवतात, रद्द करतात.

आता प्रत्यक्ष द्यायचा कसा. चार गोष्टी लागतातच: कुठे, किती वाजता, किती उंचीवर, कुठल्या विमानात. आणि त्यांच्यासोबत हवामानाची निदान एक गोष्ट, मग ते ढग असोत, व्हिजिबिलिटी, तापमान, वारा, धक्के, बर्फ, काहीही. सगळं द्यायलाच पाहिजे असं नाही, एवढंच दिलं तरी पायरेप पूर्ण.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'कुठे'मध्ये. माझा पहिला पायरेप घ्या. धक्के बसले, मी विमान सावरलं, चेकलिस्ट बघितली, फ्रिक्वेन्सी मोकळी व्हायची वाट बघितली, मग ऐटीत बोलले आणि जागा सांगितली ती त्या क्षणी जिथे होते तिथली. तोवर मी बारा मैल पुढे आले होते. म्हणजे जिथे हवा एकदम गुळगुळीत होती तिथे मी धक्के नोंदवले, आणि खरी जागा मोकळी सोडली. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, नुसतं मॅपवर बोट ठेवलं. त्यामुळे सवय लावून घ्या, काही झालं की आधी विमान उडवा, मग लगेच नीबोर्डवर (मांडीला बांधायची पाटी) वेळ आणि जागा खरडा, बोलायचं ते मागाहून बोला. जागा सांगताना एअरपोर्ट किंवा व्हीओआर (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) धरायचा आणि त्यापासून दिशा नि अंतर, उदाहरणार्थ डेटोनाच्या पश्चिमेला पंधरा मैल. 'त्या मोठ्या तळ्याजवळ' असलं सांगू नका, फ्लोरिडात तळी पायलीची पन्नास.

वेळ कायम झुलूमध्ये, म्हणजे यूटीसी, जगभर एकच असलेली प्रमाणवेळ. माझ्या डोक्यात तेव्हा तीन घड्याळं चालायची, एक झुलू, एक फ्लोरिडाचं आणि एक आईचा फोन कधी येणार त्याचं, आणि एकदा खरंच लोकल टाइम सांगून बसले. उन्हाळ्यात तिथे झुलूपेक्षा चार तास मागे असतं, म्हणजे माझा रिपोर्ट कागदावर चार तास शिळा झाला, आणि चार तासांपूर्वीच्या वादळी हवेला कोण विचारतो?

विमानाचा प्रकार सांगणं लोकांना उगाच वाटतं, पण तो नसेल तर धक्क्यांचा रिपोर्ट अर्धाच. आपल्या सेस्ना १७२ ला जे मॉडरेट, म्हणजे मध्यम, वाटतं त्यात बोइंग ७७७ मधल्या माणसाचा चहासुद्धा हलत नसेल, आणि उलटंही धरा, मोठ्या जेटने मॉडरेट म्हटलं की छोट्या विमानाने तिकडे जायचा विचार सोडावा.

आता धक्क्यांचे शब्द, कारण इथे सगळे फेकतात. लाइट म्हणजे पट्टा जरासा जाणवतो, सुटी वस्तू थोडी सरकते. मॉडरेट म्हणजे पट्टा चांगलाच ताणला जातो, सुट्या वस्तू जागा सोडतात, विमान वरखाली होतं पण ताबा तुमच्याकडेच असतो. सिव्हिअर म्हणजे उंची एकदम बदलते, स्पीड खूप नाचतो, आणि क्षणभर विमान तुमच्या हातात नसूही शकतं. एक्स्ट्रीम म्हणजे विमान नुसतं फेकलं जातंय, ताबा जवळजवळ ठेवताच येत नाही, सांगाड्याला इजा होऊ शकते. नवशिक्या माणसाला पहिला लाइट धक्का सिव्हिअर वाटतो, मलाही वाटला होता, म्हणून स्वतःला विचारायचं: उंची एकदम बदलली, स्पीड खूप नाचला, ताबा गेला, यातलं काही झालं का? नाही ना, मग सिव्हिअर म्हणू नका. आणि सारखी ताल धरून खडखड होतेय पण उंची बदलत नाहीये, म्हणजे खडी टाकलेल्या रस्त्यावर एसटी गेल्यासारखं, तर त्याला चॉप म्हणतात. किती वेळ तेही सांगायचं: एक तृतीयांशपेक्षा कमी वेळ असेल तर ऑकेजनल, दोन तृतीयांशपर्यंत इंटरमिटंट, त्याहून जास्त म्हणजे कंटिन्युअस.

ढगांची एक मेख आहे जी फ्लोरिडात शिकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मेटारमध्ये ढगाची उंची जमिनीपासून असते, पायरेपमध्ये समुद्रसपाटीपासून, म्हणजे अल्टिमीटर दाखवतो ती. डेटोना बीचचं एअरपोर्ट ३४ फुटांवर आहे, तिथे दोन्ही आकडे सारखेच दिसतात. पण उद्या ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला गेलात तर ते ५,०४५ फुटांवर आहे, तिथे मेटार ३,००० म्हणालं तर तोच तळ पायरेपमध्ये साधारण ८,००० चा असेल. हे माहीत नसलं की माणूस खूश होतो, अरे वा ढग किती वर गेले. ढगाचा माथा किती उंचीवर संपतो हे ज्याला वरून दिसतं त्याने तर सांगावंच सांगावं, ते मोजणारं जमिनीवर दुसरं कोणी नाही.

बर्फाबद्दल थोडक्यात: ट्रेस, लाइट, मॉडरेट, सिव्हिअर अशा पायऱ्या, आणि प्रकार राइम (पांढरा, खरखरीत), क्लिअर (काचेसारखा) किंवा मिक्स्ड, सोबत बाहेरचं तापमान. आपली ट्रेनिंगची विमानं बर्फासाठी नसतातच, त्यामुळे बर्फ दिसला की आधी तिथून निघायचं, रिपोर्ट मग.

लँडिंगच्या वेळी विंड शिअर लागला, म्हणजे वारा अचानक बदलला, तर 'पॉझिटिव्ह शिअर', 'निगेटिव्ह शिअर' असे शब्द वापरू नका, प्रत्येक जण वेगळा अर्थ काढतो. सरळ सांगा, फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) चारशे फुटांवर स्पीडचे पंधरा नॉट गेले, आणि रनवे सांगा. मागे जो येतोय त्याला एवढंच पाहिजे असतं. असा रिपोर्ट, तसंच सिव्हिअर किंवा एक्स्ट्रीम धक्के, सिव्हिअर बर्फ, गारा, टॉर्नेडो, ज्वालामुखीची राख हे सगळं अर्जंट धरलं जातं, साध्याला यूए कोड लागतो आणि याला यूयूए. यात कंट्रोलरला सवड मिळायची वाट बघत बसायचं नाही.

बाकी वेळी बोलायची पद्धत सोपी आहे. ज्या कंट्रोलरशी बोलताय त्यालाच विचारायचं, "अप्रोच, सेस्ना अमुक अमुक, हॅव अ पायरेप व्हेन यू हॅव टाइम." तो म्हणेल गो अहेड, मग जागा, वेळ, उंची, विमान, आणि काय दिसलं. तो फार बिझी असेल तर थांबायचं, तो विसरलेला नसतो. उलट ढग ५,००० फूट किंवा खाली असतील, व्हिजिबिलिटी ५ मैल किंवा कमी असेल, आसपास वादळं असतील, तर पायरेप मागणं हे कंट्रोलरचंच काम असतं, तेव्हा तुम्ही आपणहून दिलात तर तो थँक यू मनापासून म्हणतो.

कंट्रोलरशी बोलत नसाल तर फ्लाइट सर्व्हिस, म्हणजे पायलटना हवामानाची माहिती देणारी सेवा, आहे, १२२.२ ही त्यांची नेहमीची फ्रिक्वेन्सी, पण त्यांची रेडिओ आउटलेट, म्हणजे ठिकठिकाणचे अँटेना, पूर्वीइतकी राहिली नाहीत म्हणून आधी चार्ट बघा. जुने इन्स्ट्रक्टर १२२.० वरच्या फ्लाइट वॉच या हवामान सेवेच्या आठवणी काढतील, ती सेवा २०१५ मध्येच बंद झाली. आणि एक गंमत लक्षात ठेवा, कंट्रोलरने तुमचं सांगणं पुढच्या चार विमानांना तोंडी दिलं पण सिस्टीममध्ये टाकलंच नाही असं होऊ शकतं. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१७ मध्ये पायरेप देणं आणि पोचवणं सुधारावं म्हणून वेगळा रिपोर्टच काढला होता. म्हणून महत्त्वाचं काही असेल तर उतरल्यावर फ्लाइट सर्व्हिसला फोन करून किंवा एव्हिएशन वेदरच्या सरकारी साइटवर अकाउंट काढून परत टाका. एकदा सिस्टीममध्ये गेलं की ते सगळ्यांच्या ॲपवर दिसतं, आणि विमानात एडीएस-बी रिसीव्हर (जमिनीवरून पाठवलेली माहिती घेणारं यंत्र) असेल तर उडत असतानाही.

काहीच झालं नाही तरी द्या हो! हा मुद्दा कुणी शिकवत नाही. धक्क्यांचा इशारा आहे आणि तुम्हाला ६,५०० वर हवा तुपासारखी लागली, तर ती मोठी बातमी आहे, कुणीतरी खाली विमानाला टेकून जाऊ की नको करत बसलंय. मीही एकदा अशीच बसले होते, कुणा पायपर विमानवाल्याचा वीस मिनिटांपूर्वीचा 'स्मूथ, तळ ४,५००' वाचला आणि निघाले. त्याचं नाव गाव काही माहीत नाही.

भारतात परत आलात की शब्द बदलतो, इथे एअर-रिपोर्ट म्हणतात, आणि धोक्याचं काही असेल तर स्पेशल एअर-रिपोर्ट. मॉडरेट किंवा सिव्हिअर धक्के, तसाच बर्फ, ढगात लपलेली किंवा रांगेने उभी वादळं, धुळीचं मोठं वादळ, राख, असं सगळं त्यात येतं, आणि पावसाळ्यात कामाचं म्हणजे रनवेवर ब्रेक सांगितल्यापेक्षा वाईट लागले तर तेही. सांगायचं एटीसीलाच, म्हणजे कंट्रोलरलाच, तिथून ते हवामान खात्याच्या मेट वॉच ऑफिसला जातं, ती मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला आहेत, सिग्मेट, म्हणजे विमानांसाठी धोकादायक हवामानाचे इशारे, तिथूनच निघतात. बाकी क्रम तोच, जागा आणि वेळ आधी कागदावर, मग माइकचं बटण.