टेंडरची तुटलेली तार

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावरची चांदीची आगगाडी लहानपणी पाहिली, तेव्हापासून मला छोट्या आगगाड्यांची ओढ आहे. तिथल्याच लष्कर भागातल्या आमच्या घरी १:७६ प्रमाणातले, १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर धावणारे वाफेच्या इंजिनाचे प्रतिरूप आहे. ते सरळ रुळावर नीट चाले, मात्र रूळ बदलण्याच्या सांध्यावरील प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पोचताच थांबे. तिथे इंजिनाच्या काही चाकांना रुळांतून वीज मिळत नाही, म्हणून ती टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याच्या, चाकांकडून बारीक तारेने यावी लागते.

वीज तपासायचा मल्टिमीटर लावल्यावर ती तार झाळणीजवळ तुटलेली आढळली. इंजिन एकटेच उचलून टेंडर लोंबकळू देण्याची माझी सवय तिला भोवली होती. जुनी झाळण काढून मी अनेक धाग्यांची लवचीक तार जोडली. वळणावर ताण पडू नये म्हणून ती किंचित लांब ठेवली आणि प्लॅस्टिक वितळू नये म्हणून सोल्डरिंगची कावी क्षणभरच टेकवली. चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली.

आता इंजिन व टेंडर मी दोन्ही हातांनी एकत्र उचलतो आणि बाहेरच्या नाजूक दांड्यांना बोट लावत नाही.

टेंडरमधला प्लॅस्टिकचा कोळसा मला कधीच पटला नव्हता. खरा कोळसा कुटून, चाळून मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पसरला आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या डिंकात भांड्यांच्या साबणाचा थेंब मिसळून तो चिकटवला. पुठ्ठा सुटा ठेवल्यामुळे खालचा स्क्रू केव्हाही उघडता येतो.